पहिला हात चपड्याचा

बन्सीअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात फटफटीच्या मागच्या चाकात हवा भरत होतो. फोन वत्सलावहिनींचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा होता. या बाईंनी आजवर मला कधी स्वतःहून फोन केलेला नव्हता. "सर, ह्ये गेले," एवढंच त्या बोलल्या आणि पुढं कुणीतरी फोन हातातून घेतला. छातीत कळ आली, तेलगावहून गाडी करून दवाखान्यात नेलं, दोन दिवस काढले, तिसऱ्या दिवशी संपलं... त्या क्षणी माझ्या मनात जो पहिला विचार आला तो सांगायची लाज वाटते, पण स्मृतिलेखात खोटं लिहिलेलं अण्णांना चाललं नसतं. मला वाटलं, हेडलाइटची रिंग त्यांच्याकडंच राहिली. माणूस गेला आणि मला रिंग आठवली. मग पंप तसाच टाकून मी तिथंच मातीत बसलो.

बन्सीअण्णा आमच्याच गावचे, धारूरच्या घाटाच्या पायथ्याचे. माझ्यापेक्षा तीनेक वर्षांनी मोठे. सातवीनंतर त्यांची शाळा सुटली. मी शिकायला बाहेर गेलो, ते पुढं साखर कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तेलगावलाच घर करून राहिले. मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि गावी परतलो, तोवर आमची गाठ लग्नकार्यातल्या रामरामापलीकडं गेलेली नव्हती. पण त्यांचं नाव मात्र लांबलांबून कानावर यायचं. जुन्या मोटारसायकली नव्यासारख्या करून घेण्याची हौस आता शहरातल्या लोकांना लागली आहे, आणि अशा गाड्यांच्या क्रोमवर कुणीतरी कधीतरी चढवलेला रंग खाली एकही ओरखडा न पाडता काढून देणारा माणूस तेलगावात आहे, हे लातूर-संभाजीनगरपर्यंत माहीत होतं. त्यांच्या पत्र्याच्या शेडबाहेर नेहमी दोन-तीन परगावच्या गाड्या उभ्या असायच्या आणि अण्णा एका लाकडी पाटावर पाय लांब पसरून, पायांवर एखादं मडगार्ड घेऊन, तान्ह्या मुलाला न्हाऊ घालताना बाया बसतात तसे बसलेले असायचे.

त्यांची रीत अजब होती. कारखान्यात उसाच्या रसाच्या मोठ्या भांड्यांत जमलेली खपली कॉस्टिक सोडा घालून काढतात, ते काम त्यांनी वर्षानुवर्षं केलेलं. रंगही त्यानं निघतो हे त्यांना तिथंच कळलं. पण कॉस्टिक वापरलं की वस्तू धुवायला पाणी लागतं, तेही थोडंथोडकं नाही. ऊसच नाही म्हणून कारखाना बंद राहिला त्या हंगामात अण्णांनी घरी हे काम सुरू केलं, आणि ऊस नव्हता म्हणजे पाणीही नव्हतं. प्यायचं पाणी टँकरनं यायचं, तिथं फटफटीची टाकी कोण धुवू देणार? मग अण्णांनी डोकं लढवलं. बाभळीच्या लाकडाची राख चाळून घ्यायची, त्यात कळीचा चुना कालवायचा, ओंजळभर पाण्यात त्याचा लगदा करायचा, तो रंगावर बोटभर जाड थापायचा आणि वरून ओलं गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधायचं. याला ते पोटीस म्हणायचे. दोन-तीन दिवस त्या गोणपाटाला सकाळ-संध्याकाळ ओंजळभर पाणी मारायचं, वाळू द्यायचं नाही. मग सोडायचं आणि मऊ पडलेला रंग बांबूच्या चपट्या काडीनं सारत आणायचा. शेवटी चिंचेच्या कोळात भिजवलेलं फडकं आणि तांब्याभर पाणी. संपलं. लोखंडाचा ब्रश आणि पॉलिशपेपर यांना शेडमध्ये मज्जाव होता. गॅस आल्यापासून चुलीची राख मिळेना, तेव्हा अण्णा कारखान्याजवळच्या ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, त्या पाचटाच्या झोपड्यांवर, पोतं घेऊन जायचे आणि चुलीतली राख मागून आणायचे. नारायणगडाला दर्शनाला गेले तरी येताना प्रसादाच्या भट्टीवरली राख बांधून आणत. लोक त्यांना हसत, तेही हसत.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडं गेलो तो अर्थातच शहाणा होऊन. शहरातून आणलेला रिमूव्हरचा डबा माझ्या हातात होता. अण्णांनी तो वास घेऊन बाजूला ठेवला आणि म्हणाले, राहू द्या, उंदरं मारायला कामाला येईल. त्यांच्या राखेचं रसायन मी त्यांना समजावून सांगितलं, अल्कली म्हणजे काय, चुन्यानं ती कशी तीव्र होते वगैरे. त्यांनी वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या विद्यार्थ्यासारखं सगळं ऐकून घेतलं. त्यानंतर दोनच दिवसांनी त्यांची नजर चुकवून मी माझ्या गाडीच्या ब्रेकचं झाकण पोटीस बांधून ठेवलं, तेवढाच आपला हातभार. झाकण होतं अल्युमिनियमचं. थोड्या वेळानं गोणपाटातून बुडबुड्यांचा फसफसाट ऐकू यायला लागला. सोडलं तेव्हा झाकण काळंठिक्कर पडलं होतं आणि त्यावर देवीच्या व्रणांसारखी भोकं होती. अल्युमिनियमला अल्कली खाते हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं आहे, त्यावर मुलांचे मार्क कापलेले आहेत. अण्णांनी झाकण उलटसुलट करून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "सर, पोरं पास व्हत होती ना?" एवढंच. नवीन झाकण कुठूनतरी त्यांनीच मिळवलं आणि पुन्हा हा विषय काढला नाही. ते काळं झाकण मात्र शेडच्या भिंतीवर खिळ्याला लटकवलं, येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावं म्हणून.

आता माझ्या गाडीबद्दल सांगायला हवं, कारण अण्णांचं मोठेपण मला त्या गाडीनं कळलं. ती फटफटी माझ्या वडलांची, आबांची. आबा आमच्या गावच्या दूध संस्थेचे पहिले चेअरमन. संस्था निघाली त्याच वर्षी त्यांनी हैदराबादकडच्या एका नातेवाइकाकडून ही गाडी आणली. टाकी, मडगार्डं, हँडल, हेडलाइट, सगळं क्रोमचं, आरशात बघावं तसं तोंड दिसायचं. मग तो मोठा दुष्काळ पडला. मी तेव्हा कॉलेजला, होस्टेलवर होतो. सुट्टीत घरी आलो तर सगळी गाडी मळक्या हिरव्या ऑइलपेंटनं माखलेली. मी विचारलं तर आबा म्हणाले, द्यावासा वाटला रंग, दिला. परत होस्टेलवर गेलो तेव्हा गावच्याच एकानं जेवताना सगळ्यांदेखत सांगितलं की गाडी संस्थेची आहे, टाकीवर संस्थेचं नाव लिहिलेलं होतं, दुष्काळात संस्था बुडायला लागली तसं चेअरमननं नावावर रंग मारून ती घरात घातली... मी ताटावरून उठलो. पण उठलो म्हणजे काही मी त्याच्या थोबाडीत मारली नाही. मी गप्प राहिलो, आणि त्या दिवसापासून आबांशीही गप्पच राहिलो. ही अफवा गावभर होती. पुढच्या निवडणुकीत आबा त्यापायी पडले, नंतर संस्थाही बंद झाली. आबांनी तो रंग कधी काढला नाही आणि तोंडही उघडलं नाही. ते गेले तेव्हा मी सगळे विधी नीट केले, पण मनात एक खडा राहिलाच होता. निवृत्तीनंतर मी गाडी तेलगावला नेली ती हौस म्हणून नाही. त्या रंगाखाली संस्थेचं नाव आहे का, हे मला मरायच्या आधी बघायचं होतं.

हे मी अण्णांना पहिल्या दिवशी सांगितलं नाही. पण गाडी टेम्पोतून उतरली तेव्हा त्यांनी टाकीवर हात फिरवला, आणि तो हात थोडा वेळ तिथंच राहिला. मग त्यांनी विचारलं, रंग कावून काढायलाव? मी म्हणालो, सहज. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. श्रावणात गाडी दिली. भाद्रपद गेला, दिवाळी गेली. अण्णांनी इंजिन उघडलं, चाकांच्या तारा नव्या बसवल्या, सीट शिवून घेतली, पण रंगाला बोट लावेनात. मी दर आठवड्याला जायचो आणि आधी राखच मिळेना, मग चुना चांगला न्हाई, मग थंडीत पोटीस धरत न्हाई, अशी एकेक कारणं ऐकून परत यायचो. मला राग यायचा. एकदा मी चिडून बोललोही की होत नसेल तर गाडी परत न्यायला टेम्पो आणतो. ते फक्त म्हणाले, "थोडं थांबा सर. माझ्यासाठी थांबा."

शेडच्या दाराशी बाजेवर त्यांची आई असायची, सोनाकाकू. नव्वदी उलटलेली, डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं होतं, कोन आलंय रं? अण्णांनी सांगितलं, आबाचा मुलगा हाय. म्हातारीचा चेहरा खुलला. आबा लई भला माणूस, म्हणाली. मग टेम्पोतून गाडी उतरवतानाचा आवाज ऐकून तिनं विचारलं, फटफटी आणली का काय? म्हातारीनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मी मनाशी म्हणालो, बघ, इतक्या वर्षांनी या बाईलाही माहीत आहे. माणूस संशय घ्यायला लागला की त्याला सगळीकडं पुरावाच दिसतो, मी तर शास्त्र शिकलेला.

पौषात सोनाकाकू गेल्या. मी दहाव्याला जाऊन आलो. चौदावा झाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच अण्णांचा फोन: या, टाकी घेऊ. मी पोचलो तर टाकीला आधीच पोटीस बांधलेलं होतं. अण्णांनी सुतळी सोडली, गोणपाट बाजूला केलं, राख उतरवली. मी आजवर त्यांच्याकडं पन्नास वस्तूंचा रंग निघताना बघितला होता. तो तुकड्यातुकड्यानं, चिवटपणे, काडीला चिकटत निघतो. इथं काडी लागलीच नाही. अण्णांनी एका कडेला नख घातलं आणि तो हिरवा थर सायीसारखा अख्खा निघून आला. खाली क्रोम लखलखत होतं. डावी बाजू झाली, उजवी झाली. एकही अक्षर नव्हतं. लिहिल्याची खूण नव्हती, खरवडल्याचा ओरखडा नव्हता. मी टाकी दोन्ही हातांत धरून उन्हाकडं वळवून वळवून बघत राहिलो. तेव्हा मी बोलून गेलो की मला वाटलं होतं, इथं नाव असेल संस्थेचं. अण्णा म्हणाले, "माहीत होतं मला तुमी काय हुडकायलाव ते. म्हणून तर थांबलो. हा रंग मीच दिलता, सर."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या दुष्काळात घाटाखाली रस्त्याचं काम निघालं होतं. सोनाकाकू तिथं खडी फोडायला होत्या, आमच्या गावच्या दोन-चार आणि बाकी आसपासच्या वाड्यांवरच्या मिळून वीसेक बाया. दिवसातून एकदा ट्रॅक्टरवर पत्र्याची टाकी यायची पाण्याची. नवा पत्रा, घाटाच्या वळणावर आली की लांबूनच चमकायची. जी आधी पोचेल तिला नितळ पाणी, मागं राहील तिच्या घागरीत गाळ. एके दुपारी आबा फटफटीवरून घाट उतरत होते, दूध घालणाऱ्या एकेका वाडीवर जाऊन जनावरं किती राहिली ते बघत. वळणावर फटफटीच्या टाकीवर ऊन पडलं. लांबून आवाज ट्रॅक्टरसारखाच. सोनाकाकू ओरडल्या, गाडी आली. बायांनी हातोडे टाकले, घागरी उचलल्या आणि वीस जणी उतारावरून पळत सुटल्या. सगळ्यांच्या पुढं सोनाकाकू, त्या घसरून पडल्या, मातीची घागर फुटली. आबांनी गाडी थांबवली. बाया भोवती येऊन उभ्या राहिल्या, रिकाम्या घागरी घेऊन. एका बाईनं पुढं होऊन टाकीला नुसता हात लावून बघितला... तोवर मागून मुकादम आला आणि त्यानं सगळ्यांचा अर्ध्या दिवसाचा खाडा धरला. परत जाताना बाया सोनाकाकूंशी जे बोलल्या ते अण्णांनी मला सांगितलं नाही.

आबा दिवस मावळायच्या आत अण्णांच्या दारात. अण्णा तेव्हा दूध संस्थेच्या कॅनवर नंबर रंगवायचे, म्हणून डबा-ब्रश त्यांच्याकडं असायचा. कॅनचाच उरलेला हिरवा रंग होता, तो सगळ्या गाडीला फासायला आबांनी सांगितला. चमकणारं काही ठेवायचं नाही. आणि कुणाला काही सांगायचं नाही. पुढं अफवा उठली तेव्हा अण्णा आबांकडं गेले की मी खरं सांगतो लोकांना. आबा काय म्हणाले ते अण्णांनी मला जसंच्या तसं सांगितलं: "मला बोलतेत ना, बोलू दे. मी चेअरमन हाय, खुर्ची गेली तर गेली. खरं सांगितलं तर बोल तुज्या आईला लागंल, तिला रोज त्याच बायांत बसून खडी फोडायची हाय, त्याच बायांत पाणी भरायचं हाय. ती हाय तंवर बोलायचं न्हाई." त्या बाया पुढं ऊसतोडीला पांगल्या. आपण फसलो ही गोष्ट त्यांनीही कुठं सांगितली नाही. अण्णांनी दिलेला शब्द आईच्या चौदाव्यापर्यंत पाळला, आणि त्यासाठी माझी बोलणीही खाल्ली.

मला रडू आलं. मी ते आवरलं नाही. इतकी वर्षं आपल्या बापाशी जेवणाखाण्यापलीकडं न बोललेला म्हातारा माणूस त्या पाटाशेजारी बसून रडत होता आणि अण्णा टाकीवरून चिंचेचं फडकं फिरवत होते. माझं झालं तसं मी विचारलं, पण रंग असा साल सुटल्यासारखा कसा निघाला? तेव्हा ते जरासे लाजले. म्हणाले, आबांनी सांगितलं तसं केलं, पण एक गोष्ट त्यांना न विचारता केली. पहिला हात चपड्याचा दिला. चपडा म्हणजे लाख, सुतार स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिशला वापरतात ती. गावच्या सुताराकडून मागून आणली, सगळ्या क्रोमला लावली, वाळू दिली आणि त्यावर हिरवा रंग. एवढं देखणं काम रंगाखाली कायमचं जाऊ नये असं वाटलं. "पाऊस पडल, आबा म्हणतील काढ रं बन्सी आता," ते म्हणाले. "पाऊस पडला, सर. पर आबा कदी म्हणलेच न्हाईत." लाख अल्कलीत विरघळते. हेही मी शिकवलेलं आहे. विशीतल्या त्या पोराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, फक्त आपण केलेलं कधीतरी उलटं करता आलं पाहिजे एवढं त्याला कळत होतं. मला ते सत्तरीत कळलं.

त्यानंतरचे दोन महिने आमचे फार सुखाचे गेले. मडगार्डं झाली, हँडल झालं, सायलेन्सर झाला. अण्णा आबांच्या आठवणी सांगायचे आणि मी ऐकायचो, माझ्याच वडलांची ओळख मला दुसऱ्याच्या तोंडून होत होती. चैत्रात गाडी मी घरी आणली, एक हेडलाइटची रिंग तेवढी राहिली होती. तिच्या आतल्या कडेचा रंग घट्ट बसलाय, तिला सावकाश घेऊ, असं ते म्हणाले. ती आमची शेवटची भेट.

फोन आला तेव्हा मी अंत्यविधीला गेलो, दहाव्यालाही गेलो, पण रिंगचं नाव काढलं नाही. महिना उलटल्यावर वहिनींनी निरोप पाठवला, तुमचं सामान घेऊन जा. मी त्याच गाडीवर, बिनारिंगच्या हेडलाइटनं तेलगावला गेलो. शेड झाडून ठेवलेली होती. माझं काळं झाकण खिळ्यावर, पाट भिंतीला उभा, आणि कोपऱ्यात टोपल्यावर एक गोणपाटाचं मुटकुळं. मला वाटलं, महिनाभर पडलेलं, आता दगड झालं असेल. हातात घेतलं तर ते ओलं होतं. मी वहिनींकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "जाताना गाडीत बसून म्हणले, सरांच्या रिंगला पाणी मारत जा. किती दिवस मारायचं ते सांगितलंच न्हाई." सुतकात, दहाव्याला, चौदाव्याला, घरात पाहुण्यांना प्यायला पाणी पुरत नव्हतं तेव्हाही, या बाईनं सकाळ-संध्याकाळ ओंजळभर पाणी त्या गोणपाटावर शिंपडलं होतं.

सुतळी मी सोडली. गाठ अण्णांची होती, म्हणून कापली नाही. रंग राखेबरोबरच खाली आला, आतल्या कडेचासुद्धा. वहिनींनी चिंचेचं फडकं आणून दिलं, रिंग पुसली, त्यांच्यासमोरच गाडीला बसवली. त्यांनी हसून बघितलं आणि मग आत गेल्या. निघताना मी ते गोणपाट मागून घेतलं.

परतीच्या वाटेवर घाटाच्या अलीकडं एका वस्तीजवळ रस्त्याच्या कडेला घागरी आणि प्लॅस्टिकचे हंडे ओळीनं लावलेले दिसले. टँकरची वाट बघत बाया बाभळीच्या सावलीला बसल्या होत्या. ऊन समोरून येत होतं. मी लांबच गाडी थांबवली, गोणपाट झटकलं, टाकीवर पसरलं, त्याची टोकं मांड्यांखाली दाबली आणि हँडलला अडकवलेला गमछा हेडलाइटवर बांधला. मग सावकाश त्यांच्यासमोरून गेलो. कुणीही उठलं नाही. एक-दोघी हसल्या, म्हातारा फटफटीवर पोतं घालून चाललाय म्हणून. गोणपाट अजून ओलं होतं, वाटभर मांड्यांना गार लागत राहिलं.